रक्तातले राखणदार

पायात बाभळीचा काटा मोडला. तो तसाच राहिला. पाय ठणकू लागला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत गाठ आली. आपण म्हणतो, अवधाण आलं. काटा निघाला, जखम भरली, की अवधाण आपोआप बसते. हे आपल्यापैकी बहुतेकांनी सोसलेले आहे. पण काटा पायात आणि गाठ जांघेत, असे का व्हावे? आजचा धडा येथूनच सुरू करू.

आपल्या रक्तात बारीक बारीक कण असतात. त्यांना पेशी म्हणतात. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक नावाच्या यंत्रातून पाहाव्या लागतात. तांबड्या पेशी श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतात. पांढऱ्या पेशी राखण करतात. तिसऱ्या जातीचे कण जखमेतले रक्त थिजवतात. त्यांना आपण गोठवणारे कण म्हणू. हे सगळे हाडाच्या आतल्या मगजात तयार होतात.

शेताला राखण असते, तशी शरीराला ह्या पांढऱ्या पेशींची राखण. आणि राखणदार म्हटले की चौकी आलीच. मानेत, काखेत, जांघेत, छातीत, पोटात अशा शेकडो लहान लहान चौक्या आहेत. डॉक्टर त्यांना लसिका-ग्रंथी म्हणतात. आपण नुसते गाठी म्हणू. एरवी त्या वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान असतात, हाताला लागत नाहीत. पायात काटा रुतला, घाण आत गेली, की वर्दी जांघेतल्या चौकीवर जाते. तेथे राखणदार गोळा होतात, एकाचे अनेक होतात. चौकी फुगते. तेच अवधाण. म्हणजे अवधाण हा रोग नव्हे. राखण जागी असल्याची ती खूण आहे.

आता उलटे घडले तर? चोर बाहेरून आलाच नाही, राखणदारच बिघडला, तर?

असे घडते. एखादी पांढरी पेशी आतून बिघडते. तिचे काम ती विसरते. वेळ आली की जुन्या पेशीने मरायचे आणि नव्या पेशीला जागा द्यायची, हा शरीराचा नियम. ही मरत नाही. एकीच्या दोन होतात, दोहोंच्या चार होतात, थांबायचे नावच नाही. हाच रक्ताचा कॅन्सर.

हे बिघडलेले राखणदार हाडाच्या मगजात माजले, तर त्या रोगाला ल्युकेमिया म्हणतात. चौक्यांत, म्हणजे गाठींत माजले, तर त्याला लिंफोमा म्हणतात. शब्द नवा आहे. सावकाश वाचा: लिं-फो-मा. लंडनच्या टॉमस हॉजकिन नावाच्या डॉक्टरने १८३२ साली अशा गाठींच्या रोग्यांची हकीकत पहिल्यांदा नीट लिहून ठेवली. म्हणून लिंफोमाच्या एका जातीला त्याचेच नाव आहे, हॉजकिन लिंफोमा. आज साठाहून अधिक जाती माहीत आहेत. काही जाती संथ असतात, वर्षानुवर्षे कुरबुरत राहतात. काही इतक्या वेगाने वाढतात की आठवड्याचा उशीरही महाग पडतो.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकू. हा रोग कुणाचा कुणाला लागत नाही. एका ताटात जेवल्याने लागत नाही. रोग्याचे कपडे धुतल्याने लागत नाही. मागल्या जन्मीचे पाप, कुणी केलेली करणी, ह्यांचा त्याच्याशी संबंध नाही. एका घरात एकाला झाला म्हणून त्या घरची मुलगी सून करून घ्यायची नाही, असे काही ठिकाणी चालते. आम्हाला ह्याचा राग येतो. माणूस दुखण्याने अर्धा होतो आणि अशा बोलण्याने उरलेला अर्धा.

विषाचे औषध कसे झाले

शंभर वर्षांपूर्वी ह्या रोगावर औषध नव्हते. क्ष-किरण टाकून गाठी तात्पुरत्या विरघळवता येत. ल्युकेमिया झालेले मूल तर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जाई. डॉक्टर पाहत उभे राहत.

पहिली वाट सापडली ती एका भयंकर गोष्टीतून. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन सैन्याने एक विषारी वायू वापरला. त्याला मोहरीसारखा वास येई, म्हणून त्याला मोहरीचा वायू म्हणत. आपल्या फोडणीच्या मोहरीशी त्याचे काही नाते नाही. ह्या वायूने मेलेल्या शिपायांची तपासणी झाली, तेव्हा दिसले की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी विचार केला. पांढऱ्या पेशी माजण्याचा रोग आहे, आणि पांढऱ्या पेशी मारणारे विष आहे. मग थोडे थोडे देऊन का पाहू नये? १९४२ साली लिंफोमाच्या एका रोग्याला ह्याच विषाच्या भावंडाची सुई दिली. मानेवरच्या मोठमोठ्या गाठी काही दिवसांत विरघळल्या. सगळ्यांना नवल वाटले. पण थोड्या आठवड्यांत गाठी पुन्हा आल्या आणि तो माणूस वाचला नाही. युद्धामुळे ही हकीकत गुप्त होती. १९४६ साली ती जगापुढे आली. रोगी गेला, पण ह्या रोगावर औषध चालू शकते हे त्या दिवसापासून कळले.

पुढची गोष्ट आपल्या एका माणसाची आहे. आंध्रातल्या भीमवरम गावी १८९५ साली येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांचा जन्म झाला. घरची गरिबी. मद्रासेत वैद्यकी शिकून ते अमेरिकेला गेले आणि तेथे एका औषधांच्या कारखान्यात संशोधनाचे प्रमुख झाले. पेशीला वाढायला फॉलिक ॲसिड नावाचे जीवनसत्त्व लागते. सुब्बारावांच्या हाताखालच्या मंडळींनी त्या जीवनसत्त्वासारखेच दिसणारे, पण पोषण न देणारे एक औषध बनवले. माजलेली पेशी ते अन्न समजून घेते आणि उपाशी मरते! बोस्टन शहरात डॉक्टर सिडनी फार्बर ह्यांनी ते ल्युकेमियाच्या १६ मुलांना दिले. १० मुलांचा रोग काही काळ हटला. हे १९४८ साली छापून आले. त्याच साली सुब्बाराव वारले. त्यांच्याच कारखान्यातून निघालेले मेथोट्रेक्सेट हे औषध आजही जगभर लहान मुलांना दिले जाते. एवढे काम करून ह्या माणसाचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत फारसे येत नाही.

आता तुमच्या अंगणात या. तुळशीजवळ, नाहीतर कुंपणाला, सदाफुली असेल. गुलाबी किंवा पांढरी. हे झाड मुळात मादागास्कर बेटावरचे. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर लोक त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. ती पाने कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर ह्या दोन शास्त्रज्ञांकडे पोचली. त्यांनी अर्क काढून जनावरांना दिला. साखर काही उतरली नाही. पण पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. त्यातून १९५८ साली विनब्लास्टिन हे औषध हाती आले. त्याचेच भावंड व्हिनक्रिस्टिन हे १९६३ सालापासून वापरात आहे. लिंफोमा आणि मुलांचा ल्युकेमिया ह्यांत ते अजून लागते.

हे वाचून कुणी म्हणेल, "मग मुंबईला कशाला जायचं? पानं उकळून पिऊ की!"

असे करू नका. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम १ ग्रॅम औषध निघते. रोग्याला द्यायचे असते ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम. तेही शिरेतून, मोजून, ठराविक दिवशी. काढ्यात नेमके काय उतरले आणि किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. रोग हटायचा नाही आणि पानातली दुसरी विषे मात्र पोटात जातील. सदाफुली देवाला वाहा, पण पिऊ नका.

सोमलाचीही तीच कथा. सोमल म्हणजे विष, हे आपण जाणतो. पण ल्युकेमियाच्या एका जातीवर सोमलापासून बनवलेले शुद्ध औषध रामबाण ठरले आहे. चीनमधल्या डॉक्टरांनी हे दाखवले. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनीही त्यावर मोठे काम केले. मात्र हे फक्त त्या एका जातीवर. कुणी वैदू भस्म म्हणून पुडीत सोमल बांधून देत असेल, तर ती पुडी घेऊ नये.

सहा फेऱ्या

एकेकटे औषध दिले की रोग हटे आणि परत येई. म्हणून १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन-चार औषधे एकत्र द्यायला सुरुवात केली. एका औषधाच्या तावडीतून सुटलेली पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडते. हॉजकिन लिंफोमाचे रोगी अशा मिश्र औषधांनी प्रथमच कायमचे बरे होऊ लागले. आज हा लिंफोमा वेळेवर सापडला आणि उपचार पुरे झाले, तर शंभरातले ऐंशीच्या वर लोक बरे होतात. ते शेती करतात, संसार करतात, नातवंडे खेळवतात.

ह्या औषधांच्या उपचाराला किमोथेरपी म्हणतात. गावाकडे नुसते किमो म्हणतात. पुष्कळ लिंफोमांत तीन-तीन आठवड्यांनी एक, अशा सहा फेऱ्या असतात. म्हणजे साधारण चार महिन्यांचे काम. लहान मुलांच्या ल्युकेमियाला दोन-अडीच वर्षे लागतात. त्यातला पुष्कळ काळ घरी गोळ्या घेण्यात जातो.

खरा घोटाळा येथे होतो. समजा, एका शेतकऱ्याला मानेत गाठी आल्या. दोन फेऱ्यांत गाठी बसल्या. भूक लागू लागली. तिकडे पाऊस पडला, पेरणी आली. तो म्हणतो, "आता बरं वाटतंय, राहिलेल्या चार सुया दिवाळीनंतर बघू." दिवाळीला गाठी पुन्हा उभ्या राहतात. पण ह्या वेळी उरलेल्या पेशी पहिल्या औषधांना दाद न देणाऱ्या, कणखर असतात. पहिल्या खेपेला जे काम साध्या औषधांनी झाले असते, ते आता दहापट खर्चाने होते, आणि होईलच असेही नाही. हाताला गाठ लागेनाशी झाली, तरी आत लाखो पेशी शिल्लक असू शकतात. चार महिन्यांची पेरणी भावाला, मेहुण्याला, शेजाऱ्याला सांगता येते.

किमोचा त्रास होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. केस गळतात; ते पुन्हा येतात. ओकाऱ्या होतात, त्यावर आता चांगल्या गोळ्या आहेत. तोंड येते. बोटांना मुंग्या येतात. पण एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. किमोमुळे चांगले राखणदारही काही दिवस कमी होतात. त्या दिवसांत ताप आला, थर्मामीटरमध्ये १००.४ दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री बारा वाजले असले तरी इस्पितळ गाठावे. ह्या तापात काही तासांत जीव जाऊ शकतो, आणि वेळेवर सलाईनमधून औषध मिळाले तर माणूस चालत घरी येतो.

ओळखून मारणारी औषधे

किमो म्हणजे उभ्या पिकात फवारलेले तणनाशक. तण मरते, पिकालाही झळ लागते. मग शास्त्रज्ञ विचार करू लागले, की चोर तेवढाच ओळखून मारता येईल का?

बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग दिलेला असतो, त्यावरून बैल कुणाचा ते कळते. पुष्कळ लिंफोमांतल्या पेशींच्या अंगावर अशीच एक खूण असते. तिला सीडी २० म्हणतात. ही खूण ओळखून नेमके तिलाच चिकटणारे एक औषध निघाले, रिटुक्सिमॅब. अमेरिकेत १९९७ साली त्याला परवानगी मिळाली. ते चिकटले की शरीराची स्वतःची राखण जागी होते आणि त्या पेशीचा फडशा पाडते. मोठ्या पेशींचा एक जलद वाढणारा लिंफोमा आहे, आणि तोच सगळ्यांत जास्त आढळतो. जुन्या औषधांना रिटुक्सिमॅबची जोड दिल्यावर त्यातले शंभरात साठाच्या आसपास लोक कायमचे बरे होऊ लागले. सुरुवातीला हे औषध फार महाग होते. २००७ साली हैदराबादच्या डॉक्टर रेड्डीज ह्या कंपनीने ते आपल्या देशात बनवले. तेव्हापासून ते पुष्कळ स्वस्त झाले.

दुसरे औषध तर साधी गोळी आहे. ल्युकेमियाच्या एका संथ जातीत पेशीचे एक बटण चालू स्थितीत अडकून बसते, म्हणून ती वाढतच राहते. इमॅटिनिब नावाची गोळी ते बटण बंद करते. ही गोळी २००१ साली आली. पूर्वी ह्या रोगात माणूस चार-पाच वर्षे काढी. आता रोज गोळी घेऊन पुष्कळ माणसे इतरांसारखे पुरे आयुष्य जगतात. ह्या गोळीसाठी आपल्या देशात कोर्टकज्जा झाला. परदेशी कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर पडे; आपल्या कारखान्यांची गोळी दहा हजारांच्या आत. कंपनीने ह्या गोळीचा एकटीला हक्क मागितला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. स्वस्त गोळी राहिली. कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण काही वेळा चढलेली बरी!

राखणदाराला नवा डोळा

आता सगळ्यांत नवी गोष्ट. ती थोडी कठीण आहे. हवे तर दोनदा वाचा.

पांढऱ्या पेशींत टी पेशी नावाचे राखणदार असतात, फार कडक. मग ते कॅन्सरच्या पेशीला का मारत नाहीत? कारण ही पेशी घरातलीच आहे. तिच्या डोक्याला तेच पागोटे, अंगात तोच सदरा. राखणदार म्हणतो, हा आपलाच, जाऊ द्या.

शास्त्रज्ञांनी काय केले? रोग्याचे रक्त एका यंत्रातून फिरवले. त्यातल्या टी पेशी वेगळ्या काढल्या, बाकी रक्त परत अंगात सोडले. मग प्रयोगशाळेत त्या टी पेशींना एक नवा डोळा बसवला. म्हणजे, ह्या ह्या खुणेची पेशी दिसली की तिला मार, असा हुकूम पेशीच्या आत लिहिला. हा हुकूम आत पोचवायला विषाणू वापरतात. गारुडी सापाचे विषारी दात काढतो, तसे ह्या विषाणूचे रोग करण्याचे बळ आधी काढून घेतलेले असते. मग त्या पेशी वाढवून कोट्यवधी केल्या आणि सलाईनसारख्या रोग्याच्या शिरेत परत सोडल्या. आता तेच राखणदार चोराला ओळखतात. शिवाय ते जिवंत असतात, अंगात गेल्यावर आणखी वाढतात. ह्या उपचाराला कार-टी म्हणतात.

२०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात एका सहा-सात वर्षांच्या मुलीला हा उपचार दिला. ल्युकेमियावरचे सगळे उपाय थकले होते. ती बरी झाली. २०१७ साली अमेरिकेने ह्या उपचाराला मान्यता दिली. पण किंमत! आपल्या पैशांत तीन-चार कोटी रुपये. अख्ख्या गावाची जमीन विकून एक रोगी.

मग हे काम मुंबईत सुरू झाले. पवईच्या आय. आय. टी. मध्ये डॉक्टर राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा नवा डोळा स्वतः घडवला. टाटा मेमोरियल इस्पितळाचे डॉक्टर हसमुख जैन आणि डॉक्टर गौरव नरुला ह्यांनी तो रोग्यांवर काळजीपूर्वक वापरून पाहिला. टाटाचे खारघरला मोठे केंद्र आहे. तेथे २०२१ साली पहिल्या रोग्याला हे औषध मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने परवानगी दिली. त्याचे नाव नेक्सकार १९. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते पवईला ते देशाला अर्पण झाले. परदेशात जे तीन-चार कोटींना मिळते, ते येथे तीस ते पन्नास लाखांच्या दरम्यान मिळू लागले. २०२५ च्या आरंभी बंगळूरच्या एका कंपनीनेही असा उपचार बाजारात आणला.

कुणी म्हणेल, "तीस लाख म्हणजे काय स्वस्त?" बरोबर आहे. ते गरिबाच्या आवाक्यात नाही, आणि आम्ही ते स्वस्त म्हणणार नाही. पण चार कोटींचे तीस-चाळीस लाख आपल्याच माणसांनी केले, आणि किंमत आणखी उतरवण्याची खटपट चालू आहे, एवढे खरे.

हा उपचार पहिल्याच दिवशी देत नाहीत. नेहमीची औषधे देऊनही रोग परत आला किंवा हटलाच नाही, तरच देतात. तोही पंधरा वर्षांवरच्या रोग्यांना, आणि ठराविक जातींच्या लिंफोमात व ल्युकेमियात. ह्या औषधाच्या चाचणीत ज्यांचा निकाल मोजता आला त्या रोग्यांपैकी शंभरात त्र्याहत्तर जणांचा रोग मागे हटला. ह्या सगळ्यांचे इतर उपाय थकलेले होते, हे लक्षात घ्या. मात्र मागे हटला म्हणजे कायमचा गेला असे नव्हे. त्यातल्या पुष्कळांचा काही महिन्यांनी परत आला. काहींचा आलेला नाही. शिवाय राखणदार एकदम चवताळले की कडक ताप भरतो, रक्तदाब उतरतो. म्हणून रोग्याला इस्पितळात डोळ्यांखाली ठेवावे लागते. जादूची कांडी अजून कुणाच्या हाती आलेली नाही.

आणखी एक जुना उपचार आहे, हाडाचा मगज बदलण्याचा. भावाचा किंवा बहिणीचा मगज जुळला तर तो रोग्याला देतात. आपल्या देशात तो प्रथम टाटा इस्पितळात १९८३ साली झाला. मगज देणाऱ्या भावा-बहिणीला कायमचा काही तोटा होत नाही. दिलेला मगज थोड्या आठवड्यांत भरून येतो. घाबरून मागे सरू नये.

गाठ कोणती?

अंगावर गाठ दिसली की कॅन्सरच, असे मुळीच नाही. बहुतेक गाठी साध्या असतात. दात किडला, घसा सुजला, डोक्यात उवांनी जखमा झाल्या, तरी मानेत गाठी येतात आणि जातात. पण गाठ तीन-चार आठवडे राहिली, वाढत चालली, आणि विशेष म्हणजे दुखत नसली, तर ती दाखवावी. दुखत नाही म्हणून आपण दुर्लक्ष करतो. लिंफोमाची गाठ बहुधा दुखतच नाही. जोडीला ताप येत असेल, रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम येत असेल, अंगावरचे कपडे ढिले होत असतील, तर मुळीच थांबू नये. मूल पांढरेफटक पडले, हिरड्यांतून रक्त येते, मार न लागता अंगावर निळे डाग उठतात, ताप हटत नाही, तर त्याच आठवड्यात रक्त तपासावे. साधी रक्ततपासणी तालुक्याला होते.

आपल्याकडे ह्यात एक मोठी अडचण आहे. मानेत गाठी आल्या, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरते. ही लक्षणे क्षयाचीही आहेत. गंडमाळा आपल्याकडे जुनी. म्हणून काही वेळा गाठ न तपासताच क्षयाची औषधे सुरू होतात. सहा महिने जातात, आणि मग कळते की हा लिंफोमा होता. उलटही होऊ शकते. दोहोंचा निवाडा एकाच रीतीने होतो. गाठ किंवा तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. ह्याला बायोप्सी म्हणतात. नुसत्या बारीक सुईने काढलेले पाणी लिंफोमाला पुष्कळदा पुरत नाही.

"गाठीला सुरी लागली की रोग अंगभर पसरतो," असे जुनी माणसे सांगतात. पसरत नाही. गाठ न तपासल्याने जे महिने वाया जातात, त्यात रोग पसरतो. मग लोक म्हणतात सुरीमुळे झाले. क्षयाची औषधे चालू असूनही दोन महिन्यांत गाठी वाढतच असतील, तर डॉक्टरांना विचारा, "साहेब, गाठीचा तुकडा तपासला का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

उपचार कोठे मिळतात? मुंबईला परळचे टाटा मेमोरियल आहे. ते १९४१ पासून चालू आहे. बार्शीला नर्गिस दत्त इस्पितळ, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी इस्पितळ, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि किमो त्यात आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन जा. योजनेच्या इस्पितळात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, आधी त्याला गाठा. पैसे भरल्यानंतर नव्हे, भरण्याच्या आधी. कॅन्सरच्या रोग्याला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या भाड्यात सवलत असते, तिचा फॉर्म इस्पितळात मिळतो. मुंबईत उतरायला दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटाच्या रोग्यांची तेथे सोय होते. जागा मात्र कमी आणि माणसे फार, तेव्हा नाव आधी घालावे.

निघताना सगळे कागद एका पिशवीत घाला, तारखेप्रमाणे लावून. तालुक्याला गाठीचा तुकडा काढला असेल, तर त्याचा नुसता रिपोर्ट आणू नका. तो तुकडा मेणाच्या लहान वडीत बसवून प्रयोगशाळेत ठेवलेला असतो. ती वडी आणि काचेच्या पट्ट्या मागून घ्या. त्या तुमच्या आहेत आणि मागितल्या की देतात. मोठ्या इस्पितळात पहिला प्रश्न त्याच विचारतात. वडी जवळ असली, तर पुन्हा गाठ कापण्याची पाळी बहुधा येत नाही, आणि उपचार पंधरा दिवस आधी सुरू होऊ शकतात. फक्त उन्हाळ्यात एक सांभाळा. वडी मेणाची असते. एस्. टी. च्या खिडकीशी उन्हात ठेवू नका, पिशवीत मधोमध कपड्यांत गुंडाळून ठेवा.